विजापूर दीड दिवसात: सोबत सत्तरीचे आईबाबा आणि नऊ वर्षांची लेक

पर्वतीपायथा

डिसेंबरमधल्या एका शनिवार-रविवारी पुण्याहून विजापूरला जायचं चाललंय. स्वतःची गाडी आहे. शनिवारी पहाटे निघायचं, रविवारी रात्री उशिरापर्यंत परत. आई-बाबा सत्तरीचे, आईचे गुडघे कुरकुरतात. लेक नऊ वर्षांची, तिला फक्त गोलघुमटात ओरडायचंय. मला इब्राहिम रोजा (आदिलशाही बादशहाची कबर आणि मशीद) नीट, सावकाश बघायचाय.

गोलघुमट आधी की रोजा आधी? वरच्या सज्ज्यापर्यंत किती चढण आहे, आणि आई खालीच थांबली तर तिचं काही फार हुकेल का? यादीतून काय बिनदिक्कत गाळावं? 'काहीच गाळू नका' हे उत्तर कृपया नको, वेळ मोजका आहे.

भीमाकाठ

आधी रस्ता. पुणे ते सोलापूर सुमारे २५०, तिथून विजापूर १००. सोलापुरात शिरू नका, बाहेरून वळसा घेऊन राष्ट्रीय महामार्ग ५२ धरा. साडेपाचला निघून चहा-नाश्त्याचे दोन थांबे घेतले तरी एकच्या आसपास पोचाल. नकाशात 'विजयपुरा' शोधा, २०१४ पासून अधिकृत नाव तेच आहे. नुसतं 'बिजापूर' टाकलंत तर छत्तीसगडमधलं निघतं, आणि तो रस्ता पार दुसरीकडे जातो. (रेल्वेचं संक्षिप्त नाव मात्र अजून जुन्याच नावावरून चाललंय, बीजेपी. त्यावरचे विनोद सगळे करून झालेत.)

आता क्रम. जुनं शहर तटाच्या आत आहे आणि पूर्व-पश्चिम लांबट पसरलंय. गोलघुमट पूर्व टोकाला. इब्राहिम रोजा पश्चिमेला, मक्का दरवाजाच्या बाहेर. मध्ये चार-पाच किलोमीटर. बहुतेक लोक सोलापूरहून येतात, घुमट लांबूनच दिसतो, गाडी आपोआप तिकडे वळते. नेमक्या दुपारच्या गर्दीत तिथे पोचतात आणि रोज्याला जाईपर्यंत अंधारून येतं.

तुम्ही उलटं करा. शनिवारी दुपारी जेवून पश्चिमेची बाजू: उपळी बुरूज, मुलुखमैदान तोफ, ताज बावडी, शेवटी रोजा. मुक्काम विजापुरातच. रविवारी उजाडता उजाडता गोलघुमट, मग जामा मशीद, मेहतर महाल, गगन महाल, बारा कमान. दीड-दोनला जेवून निघालात तर नऊच्या आसपास घरी.

डिसेंबर म्हणजे शाळांच्या सहलींचा हंगाम, आपल्याकडच्या आणि कर्नाटकातल्याही. नऊनंतर बसवर बस रिकामी होते. त्यानंतर घुमटात आवाज ऐकायला जाणं म्हणजे भाजी मंडईत सतार ऐकण्यासारखं आहे.

दगडफूल

चढणीचं. गोलघुमटाच्या चारही कोपऱ्यांना सातमजली अष्टकोनी मनोरे आहेत आणि जिना त्या मनोऱ्यातूनच जातो. पायऱ्या शंभराच्या वर, अरुंद, उंच, आणि सगळ्या सारख्या उंचीच्या नाहीत. चढताना धाप लागते ती परवडली, पण गुडघ्यांचे हाल उतरताना होतात. एकाच जिन्यातून चढणारे आणि उतरणारे समोरासमोर आले की भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. प्रत्येक मजल्यावर कमानीची खिडकी आहे, तिथे थांबता येतं. ठणठणीत गुडघ्याच्या माणसाला दहा-पंधरा मिनिटं. तुमच्या आईंना चढवू नका.

आणि त्यांचं फार काही हुकत नाही, हे मी समजूत घालायला म्हणत नाहीये. या इमारतीची खरी गंमत खालूनच दिसते. आतली खोली चौरस आहे, एकेक बाजू साधारण १३५ फूट. मध्ये एकही खांब नाही. वर घुमट गोल, आतून व्यास सुमारे १२४ फूट. चौकोनावर गोल बसवायचा म्हणजे कोपऱ्यांचं काय करायचं? त्यासाठी आठ मोठ्या कमानी एकमेकींना छेदत नेल्यात. एक चौकोन सरळ आणि दुसरा त्याच्यावर ४५ अंशात फिरवलेला, असं डोळ्यांपुढे आणा. मधल्या चौथऱ्यापाशी उभं राहून मान वर केली की कमानींच्या रेघांतून आठ टोकांची चांदणी उमटलेली दिसते. कमानी जिथे छेदतात तिथलं बांधकाम आतल्या बाजूला झुकत येतं. घुमट स्वतःच्या वजनाने बाहेर फाकू पाहतो, हे झुकलेलं वजन त्याला आत ओढून धरतं. त्याच पुढे आलेल्या भागावर, जमिनीपासून सुमारे १०९ फुटांवर, तो प्रसिद्ध सज्जा आहे. म्हणजे सज्जा मुद्दाम आवाजासाठी केलेला नाही, घुमट तोलून धरण्याच्या युक्तीतून ती जागा तयार झाली.

आईंना दुर्बीण द्या, छोटी चालेल. भिंतीतल्या कमानीपासून नजर सुरू करून एकेक कमान शेंड्यापर्यंत न्यायची. पंधरा मिनिटं कुठे जातात कळत नाही.

खाली चौथऱ्यावर दिसतात त्या खऱ्या कबरी नव्हेत. त्यांच्याच बरोबर खाली तळघरात खरी दफनं आहेत: मुहम्मद आदिलशाह (राज्य १६२७ ते १६५६), त्याच्या बेगमा, त्याची लाडकी नर्तकी रंभा, मुलगी आणि नातू.

पर्वतीपायथा

वा, आईचा प्रश्न मिटला. ओरडण्याचं काय? सात वेळा प्रतिध्वनी येतो म्हणतात, कुणी दहा म्हणतं. कसा ऐकायचा?

दगडफूल

ओरडून नाही. तिथेच सगळे चुकतात.

सज्ज्यात भिंतीलगत उभं राहून एकच टाळी, कोरडी, छोटी. मग गप्प. आवाज समोरच्या भिंतीपर्यंत सुमारे ३८ मीटर जातो आणि तेवढाच परत येतो, म्हणजे ७६ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास धरला तर सुमारे पाव सेकंदाने पहिला पडसाद कानावर येतो, त्यानंतर तेवढ्याच अंतराने पुढचे. टाळी पाव सेकंदापेक्षा खूप छोटी असते, म्हणून पडसाद सुटे सुटे मोजता येतात. कुणी 'जय भवानी' अशी लांबलचक आरोळी दिली की शब्द संपायच्या आतच पहिले तीन-चार पडसाद त्याच्यावर येऊन आदळतात आणि नुसता गोंगाट कानी पडतो. कितीदा ऐकू येतो हे शेवटी आसपास किती शांतता आहे त्यावर ठरतं. सात आणि दहा हे दोन्ही आकडे तिथूनच आले असणार.

कुजबुजीचा प्रयोग वेगळा. लेकीला भिंतीकडे तोंड करून बसवा, तुम्ही घुमटाच्या बरोबर समोरच्या बाजूला जाऊन भिंतीला कान लावा. तिने भिंतीला जवळजवळ ओठ टेकवून हळू बोलायचं. आवाज गोल भिंतीला धरून सरकत येतो. मधल्या पोकळीकडे तोंड करून बोलली तर हा प्रयोग फसतो. बाही भिंतीवर घासल्याचा आवाजही पलीकडे येतो, तो आधी करून दाखवा, मुलांना चटकन कळतं.

वर लेकीचा हात सोडायचा नाही. सज्जा चांगला ११ फूट रुंद आहे, पण धावत सुटणारी पोरं आणि खाली वाकणारी माणसं यांची तिथे कायम सरमिसळ असते.

फाटक सकाळी ६ ला उघडतं. डिसेंबरात सूर्य पावणेसातच्या पुढे उगवतो, तेव्हा साडेसहाला पोचून पहिल्या उजेडात जिना चढा. जिन्यात मोबाइलचा दिवा हाताशी असू दे.

चौथरा

रोजा संध्याकाळी नको, सकाळी बघा असं मी म्हणेन. सकाळी चिटपाखरू नसतं तिथे. संध्याकाळी गावातली मंडळी बागेत येऊन बसतात.

अडकित्ता

शांततेचं खरं आहे, पण उजेडाचं गणित उलटं आहे. रोज्यात एकाच चौथऱ्यावर दोन इमारती समोरासमोर आहेत, मध्ये हौद. मशिदीत तोंड पश्चिमेकडे करून नमाज पढायचा असतो, त्यामुळे मशीद पश्चिमेला आणि कबरीची इमारत पूर्वेला. कबरीचा जो दर्शनी भाग आपण मशिदीच्या पायऱ्यांवरून बघतो तो पश्चिमाभिमुख. सकाळी तो पूर्ण सावलीत असतो आणि सूर्य थेट डोळ्यांवर येतो. कोरीव काम म्हणजे सावल्यांचा खेळ. तिरपं ऊन पडलं नाही तर अक्षरं दगडात मुरून जातात. म्हणून दुपारी साडेतीन ते पाच. त्याहून उशीर केला तर मशिदीचीच सावली समोरच्या इमारतीवर चढायला लागते.

बघायचं कसं तेही सांगतो, कारण बहुतेक जण एक फोटो काढून वीस मिनिटांत बाहेर पडतात.

पहिली फेरी कबरीभोवतीच्या व्हरांड्यात. आतल्या भिंतींवर दगडात उठवलेली अरबी आणि फारसी अक्षरं, नक्षी, चौकटी. खिडक्यांशी थांबा. तिथे जाळी कापून वर अक्षरं काढलेली नाहीत, अक्षरं हीच जाळी आहे. वळणांच्या मधली रिकामी जागा कोरून काढलीय आणि आतल्या खोलीत उजेड त्या फटींतून येतो. आतून बघितलं की वाक्य उजेडात लिहिल्यासारखं दिसतं.

दुसरं, आतल्या खोलीचं छत. खोली साधारण ४० फूट चौरस आणि छत दगडी. कडेने ते वळून आत येतं, पण मधला सुमारे २४ फुटांचा चौरस सपाट आहे, खाली ना तुळई ना खांब. दगडांचे सांधे आणि चुना यांच्या जोरावर तो टिकून आहे. गोलघुमटाने डोळे दिपतात हे मान्य, पण गवंड्याची छाती बघायची तर ही.

तिसरं, मशिदीच्या छज्जाखाली लोंबणाऱ्या दगडी साखळ्या. कड्या एकमेकींत अडकवून जोडलेल्या नाहीत, अखंड दगडातून कोरून सुट्या केल्यात. काही तुटल्या, काही अजून आहेत. लेकीला मोजायला लावा.

काम दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहच्या काळातलं (राज्य १५८० ते १६२७), देखरेख मलिक संदलची. इमारत मुळात बेगम ताज सुलताना हिच्यासाठी योजली होती, पण तिच्याआधी इब्राहिमच गेला, मग दोघंही तिथेच. ताजमहालाने इथून प्रेरणा घेतली असं गाइड हमखास सांगतात. ऐकून घ्यावं आणि पुढे सरकावं.

चौथऱ्यावर चपला काढाव्या लागतात. जुने पायमोजे ठेवा. डिसेंबरातसुद्धा दुपारचा दगड म्हाताऱ्या तळव्यांना चटका देतो.

चौथरा

मशीद पश्चिमेला, म्हणून कबरीचं तोंड तिकडे. हे डोक्यात आलं नव्हतं. सकाळचा सल्ला मागे.

भीमाकाठ

पश्चिमेकडचं उरलेलं पटकन.

मुलुखमैदान शेरझा बुरुजावर आहे. भाषणात दणाणून सोडणाऱ्याला आपण मराठीत मुलूखमैदान तोफ म्हणतो, ती ही. पंचधातूच्या जातीची ओतीव तोफ, लांबी १४ फुटांच्या आसपास, वजन ५५ टन सांगतात. १५४९ मध्ये अहमदनगरला निजामशाहीत ओतली, ओतणारा मुहम्मद बिन हसन रूमी, नाव तोफेवरच कोरलंय. पुढे ती परंड्याच्या किल्ल्यात होती. १६३२ मध्ये आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने ती विजापूरला आणली. तुम्ही पुण्याचे म्हणून सांगतो, पुण्यावर गाढवाचा नांगर फिरवल्याचं ज्याच्या नावावर सांगितलं जातं, तोच हा. १६८६ मध्ये विजापूर पडल्यावर औरंगजेबाने आपलाही लेख तिच्यावर कोरून घेतला. इंग्रजांनी १८५४ मध्ये लिलावात काढली तेव्हा बोली आली १५० रुपयांची. इतकी फुटकळ की विक्री रद्द झाली, म्हणून ती आज जागेवर आहे.

समोरून तोंड बघा: सिंहाचा जबडा, आणि त्या जबड्यात दाढांखाली चिरडला जाणारा हत्ती. हत्ती अगदी छोटा आहे, न सांगता सापडत नाही. वर चढायला पायऱ्या थोड्या आहेत, आईंना जमेल.

उपळी बुरूज तिथून हाकेच्या अंतरावर, सुमारे ८० फूट उंच. पायऱ्या बाहेरून गोल फिरत वर जातात. आई-बाबांनी खालीच थांबावं. वरून सगळ्या शहराचा नकाशा कळतो, म्हणून दौऱ्याची सुरुवात इथूनच करा: पूर्वेला गोलघुमट, पश्चिमेला रोज्याचे मनोरे. वर दोन लांबड्या तोफा आहेत, मोठी ३० फुटांच्या घरात. ती ओतीव नाही, लोखंडी पट्ट्या उभ्या लावून त्यांवर कडी ठोकून बसवलीत. सांधे उघड दिसतात. ओतीव मुलुखमैदान लगेच पुढे बघितली की दोन्ही तऱ्हांतला फरक लेकीलाही कळेल.

ताज बावडी १६२० ची. मोठी कमान, दोन्ही बाजूंना अष्टकोनी बुरूज, आत चौरस तलाव. दहा मिनिटं पुरे. पाण्याकडच्या पायऱ्या निसरड्या असतात.

अडकित्ता

रविवारच्या यादीतून काय गाळायचं ते मी सांगतो, विचारलंय म्हणून. मेहतर महाल गाडीतून उतरून पाच मिनिटं: ती एका मशिदीची देवडी आहे, सज्जा तोलणाऱ्या तिरप्या दगडी आधारांवरचं काम लाकडात केल्यासारखं आहे. असर महाल गाळा. जोड घुमट गाळा, तिथे दर्गा नांदता आहे, दर्शनाला जायचं असेल तर गोष्ट वेगळी. साठ कबर गाळा.

जामा मशीद गाळू नका. पहिल्या अली आदिलशाहने सुरू केली, पुरी कधीच झाली नाही. जमिनीवर औरंगजेबाच्या काळात आखलेल्या २,२५० चौकटी आहेत, एकेका माणसाच्या नमाजासाठी एकेक. तिकीट नाही. नमाजाच्या वेळा टाळा, गुडघे-खांदे झाकलेले असू द्या, चपला बाहेर. शुक्रवारी दुपारी तर जाऊच नये, पण तुमचा तो दिवस नाही.

गगन महाल १५६१ चा. मधल्या कमानीचा गाळा सुमारे ६० फूट आहे. छत कधीच गेलं, कमान उभी. दरबाराची जागा होती ती. सप्टेंबर १६८६ मध्ये सिकंदर आदिलशाहीचा शेवटचा बादशहा ठरला आणि इथेच औरंगजेबापुढे त्याला उभं केलं असं सांगतात. शेजारी बारा कमान: दुसऱ्या अली आदिलशाहची कबर, १६७२ मध्ये तो वारल्यावर काम जिथल्या तिथे थांबलं. काळ्या दगडाच्या नुसत्या कमानी. आदल्या दोन इमारतींत कमानी बघून झाल्यावर इथे त्यांचा सांगाडा बघायला मिळतो, म्हणून हिला शेवटी ठेवा.

पर्वतीपायथा

साठ कबर का गाळायची? बाबांना अफझलखानाचं म्हणून तेच बघायचंय.

अडकित्ता

गावाबाहेर, आडबाजूला आहे आणि वाट विचारत जावं लागतं, एवढंच कारण. एका चौथऱ्यावर ओळीने साठेक कबरी आहेत. प्रतापगडाकडे निघण्याआधी खानाने आपल्या बायका मारल्या, ही गोष्ट तिथे चिकटलीय. कबरी आहेत, गोष्टीला पुरावा नाही. बाबांचा जीव तिथे अडकला असेल तर शनिवारी ताज बावडी सोडा आणि रिक्षावाल्याला घ्या सोबत, स्वतःच्या गाडीने शोधत बसू नका.

चुनाविटा

किरकोळ पण कामाचं. गोलघुमट आणि रोजा दोन्हीकडे पुरातत्त्व खात्याचं तिकीट आहे, भारतीयांना २५ रुपये, ऑनलाइन काढलं तर २०. पंधरा वर्षांखाली फुकट. फाटकावरचा कोड मोबाइलने टिपून काढता येतं, पण तिथे रेंज दगा देते, आदल्या रात्रीच काढून ठेवा. तिपाई आणि ड्रोन नेऊ नका. गोलघुमटासमोरच्या नगारखान्यातलं संग्रहालय १० ला उघडतं आणि शुक्रवारी बंद असतं. आईंना तिथे बसवून तुम्ही वर जाल म्हणाल तर साडेसहाला ते जमायचं नाही.

आणि ते 'जगातला दुसऱ्या क्रमांकाचा घुमट' लेकीच्या वहीत लिहू देऊ नका. व्यासाने रोमचं पँथिऑन (सुमारे ४३ मीटर) आणि सेंट पीटर्स दोन्ही मोठे आहेत. गोलघुमटाची खरी शेखी वेगळी: एकाच घुमटाखाली, खांबाशिवाय, १८ हजार चौरस फुटांवर जमीन झाकलीय, आणि त्या हिशेबात तो पँथिऑनच्या पुढे जातो.

जेवायला खानावळ शोधा, हॉटेल नको. पातळ कडक किंवा मऊ ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, शेंगाचटणी, दही. रात्री साडेनऊनंतर बऱ्याच खानावळी आवरतात. निघताना शेंगापोळी बांधून घ्या, चार दिवस टिकते.

पर्वतीपायथा

ठरलं: शनिवारी उपळी, मुलुखमैदान, साठ कबर, साडेतीनपासून रोजा. रविवारी साडेसहाला घुमट. दुर्बीण आहे घरात, जुने पायमोजे ढीगभर आहेत. शेवटचं एक: आई-बाबा पहाटे खाली थांबतील तेव्हा बसायला काही आहे का आत?

दगडफूल

खुर्च्या-बाकं धरून चालू नका. मधल्या चौथऱ्याच्या पायऱ्यांवर बसता येतं, पण दगड गार असतो, एक सतरंजी न्या. आणि दक्षिणेच्या दाराकडे पाठ करून बसवा, उजेड पाठीमागून आला की कमानी जास्त स्पष्ट दिसतात. वरून तुम्ही टाळी वाजवाल ती त्यांना खालीही ऐकू येईल.